हनुवटीवरचे तीन ठिपके

९ सप्टेंबर १९९५, शनिवार. सातारा

कॅमेऱ्याच्या फिल्म विकणाऱ्या एजंटानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी पडून होती. आज उघडली, कारण जे झालंय ते तोंडानं कुणाला सांगावंसं वाटत नाही.

उजव्या डोळ्यात काहीतरी आलंय. सकाळी स्टुडिओचं शटर वर केलं, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात एक काळा धागा लोंबताना दिसला. कोळिष्टक असेल म्हणून हात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. नजर डावीकडे नेली तर धागा डावीकडे, वर नेली तर वर. शेजारी मोहरीएवढे तीन ठिपके. चष्मा पुसला, डोळे धुतले, परत चष्मा पुसला. धागा होता तसाच.

दुसऱ्या कुणाला झालं असतं तर मीच हसून सोडून दे म्हणालो असतो. पण सत्तावीस वर्षं मी हा स्टुडिओ चालवतो, आणि माझं नाव फोटो काढण्यात नाही, फोटोवरचे डाग घालवण्यात आहे. निगेटिव्हवर धूळ बसली की फोटोत पांढरा ठिपका उठतो, तो बारीक ब्रशनं शाई लावून भरायचा. जुन्या फोटोवर माशीनं घाण केली असली की नव्या फोटोत काळा ठिपका येतो, तो ब्लेडच्या टोकानं खरवडायचा. रंगीत फोटोला लोक आता नव्या लॅबमध्ये जातात, जाऊ देत. पण गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायचा झाला की सगळे हरिभाऊंकडेच येतात. उद्यापासून पितृपंधरवडा सुरू होतोय, आणि माझ्याच डोळ्यात डाग.

बायकोला, अनसूयेला, सांगितलेलं नाही. उगाच घोर लावून घेईल.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पितृपंधरवड्यात स्टुडिओत जिवंत माणसं कमी आणि गेलेली जास्त येतात. कुणी लग्नाच्या घोळक्यातलं बोटभर तोंड आणतं, कुणी रेशनकार्डावरचं. मी प्रत्येकाला विचारतो, तीळ होता का, व्रण होता का, गोंदण होतं का, आणि पाकिटावर लिहून ठेवतो. साफ करताना पाकीट समोर ठेवायचं, हा माझ्या गुरूंचा नियम. कारण माणूस नसतो, त्याचा डाग कुठला आणि माशीचा कुठला हे सांगायला कोण येणार?

दुपारी अनसूया फोटोच्या कडा कापत होती. लग्न झाल्यापासून कडा कापणं, वाळवणं, पुठ्ठ्यावर चिकटवणं तिच्याकडे. म्हणाली, "अहो, इथं कपाळावर एक पांढरा राहिलाय बघा." मी असा काही ओरडलो की कात्री तिच्या हातातून पडली. "सत्तावीस वर्षं मी काय गवत उपटत होतो?" असं काहीतरी बोललो. तिनं वाकून कात्री उचलली. नंतर बघितलं तर होता ठिपका. माझा धागा नेमका त्याच्यावर येऊन बसत होता.

वाईट वाटलं, पण तिला तसं म्हणालो नाही. तीही जाता जाता शोकेसची काच पुसत रोजच्यासारखी आतल्या बाईला उद्देशून पुटपुटलीच, "हिच्यावर ओरडा. ही काही बोलत नाही." शोकेसमध्ये तिचाच फोटो आहे, लग्नानंतरच्या वर्षी मी काढलेला. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, गालभर व्रण आहेत. फोटोत एक दिसेल तर शपथ. माझ्या हातचं इतकं चोख काम दुसरं नाही, पण तिला मेलीला त्याचं कधी कौतुक नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज गावात एकच धांदल, गणपती दूध पितो म्हणे. अनसूया वाटी घेऊन गेली आणि "प्यायला बाई" म्हणत आली. शेजारच्या दुकानातला आकाराम घड्याळजीही दुकान सोडून जाऊन आला. त्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. सहज विचारल्यासारखं करून मी त्याच्या डोळ्याची चौकशी केली.

"आवं हरिभाऊ, मधी परत धुकं आलं हुतं," तो म्हणाला. "सांगलीला डॉक्टरकडं लेसर हाय. हनुवटी टेकवली, टिक टिक आवाज झाला, पाच मिन्टांत लख्ख! टाका न्हाई, पट्टी न्हाई. आता केसासारखी स्प्रिंग दिसती मला."

पाच मिनिटांत लख्ख! आकारामचं धुकं जाळून काढणाऱ्या यंत्राला माझा एक धागा काय जड आहे?

२८ सप्टेंबर, गुरुवार. सांगली

अपूर्वाला भेटून येतो असं अनसूयेला सांगून आलो. ते खोटंही नाही, लेकीच्या घरीच बसून लिहितोय. डोळ्यात थेंब घातलेत, अक्षर फोफसं दिसतंय.

डॉक्टर तरुण आहेत, पण घाई नाही त्यांना. कपाळावर दिवा बांधून डोळ्याचा कोपरान् कोपरा बघितला. मग समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत अंड्यातल्या पांढऱ्यासारखा गर असतो. वयानं तो आटतो आणि मागच्या पडद्यापासून सुटतो. त्यातल्या गाठींची आणि धाग्यांची सावली पडद्यावर पडते, तीच मला दिसते.

मी म्हणालो, "मग लेसरनं जाळून टाका. आमच्या आकारामचं टाकलंत तसं."

ते हसले. "त्यांची जाळी भिंगाच्या मागं घट्ट बसलेली होती. तुमचा धागा तरंगतोय. नेम धरायला वस्तू जागेवर हवी ना? तुम्ही फोटोग्राफर, तुम्हाला सांगायला नको. पुढं भिंग, मागं पडदा, मध्ये हा हलतोय. परदेशात कुणी कुणी करून बघतात, पण मी करणार नाही. धाग्यानं डोळा जात नाही, सवय होते."

"आणि सवय झाली नाही तर?"

त्यांनी कपाळावरचा दिवा उतरवला. म्हणाले, "तुमच्या डोळ्याला लेसर एकाच कारणासाठी लागेल. गर सुटताना पडद्याला भोक पडलं तर. आज नाहीये. २६ ऑक्टोबरला परत दाखवा. आणि त्याआधी डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं, नाहीतर बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी या."

यंत्र समोर आहे, डॉक्टर समोर आहे, आणि द्यायचं नाही म्हणतात. दुसऱ्या कुणाकडे जावं काय, असंही मनात आलं.

अपूर्वाला सगळं सांगावं लागलं, कारण थेंबांनी मला दारातली पायरी दिसेना. आईला सांगायचं नाही अशी शपथ घातली. ती "बरं बाबा" म्हणाली. मुलगी शब्दाची पक्की आहे.

एक युक्ती मात्र सुचली. शंका आली की डोळा फिरवायचा. जो ठिपका हलतो तो माझा, जो हलत नाही तो कागदाचा. एवढं सोपं असताना मी घाबरलो कशाला?

३ ऑक्टोबर, दसरा

कॅमेरा, एन्लार्जर, ब्रश, ब्लेड सगळं मांडून पूजा केली. मांडताना बघतो तर शून्य नंबरचे ब्रश दोन. एकच होता माझ्याकडे. एजंट ठेवून गेला असेल.

अनसूया हल्ली फार गोड बोलते. सांगलीत काय केलंत, कुठं गेला होतात, काही म्हणून विचारत नाही. एरवी जावयानं काय भाजी खाल्ली इथपर्यंत चौकशी असते.

९ ऑक्टोबर, सोमवार

गुण येतोय! शनिवारी वाठारच्या एका मास्तरांचा फोटो अर्धवट टाकून उठलो होतो. डोळा इतका शिणला होता की दहा-बारा पांढरे ठिपके तरी राहिले असणार अशी खात्री होती. आज भिंग लावून बघितला, एक नाही. म्हणजे मला वाटतं त्यापेक्षा हात पुष्कळ जास्त काम करतो. सत्तावीस वर्षांची सवय, डोळ्याची गरजच काय! शिवाय रोज सकाळी त्रिफळाच्या पाण्यानं डोळा धुतोय, त्याचाही गुण असेल.

दुपारी जेवणानंतर डोळ्यांवर ओली घडी ठेवून तासभर पडतो. अनसूयाच म्हणाली, पडत जा म्हणून. उठलो की कामाकडे नव्यानं बघता येतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

कोरेगावच्या बाजूचे भाऊसो म्हणून एक जण आले. चाळिशीचे असतील, पागोटं नाही, टोपी, आणि आल्याआल्या पाणी मागितलं. आई दगडाबाई गेल्या साली गेली. आठ नोव्हेंबरला वर्षश्राद्ध. फोटो म्हणाल तर कुणाच्या तरी साखरपुड्यात मागच्या रांगेत उभी असलेली, नखाएवढं तोंड, आणि फोटोभर माश्यांची घाण.

"येवढाच हाय," म्हणाले. "आय फोटूला लय भ्यायची. पन तुमी जित्ती करून द्याल आसं समदी म्हंत्यात."

मी नेहमीचं विचारलं. ते म्हणाले, "हनुवटीवर गोंदण. तीन टिपकं, असं तिकोनी. आय म्हनायची, मेल्यावर आंगावरचं समदं काढून घेत्यात, डोरलं, जोडवी, समदं. गोंदण तेवढं संगट येतं." सांगताना स्वतःच्या हनुवटीवर तीन वेळा बोट टेकवलं.

पाकिटावर लिहून घेतलं. दगडाबाई, हनुवटी, तीन, त्रिकोणी.

१८ ऑक्टोबर, बुधवार

गेल्या दहा दिवसांत एका फोटोत एक ठिपका राहिलेला नाही. धागा आहे, पण कामावर परिणाम शून्य. सांगलीला परत जायचं तर एक दिवस स्टुडिओ बंद, दिवाळीच्या तोंडावर. जावं की नाही असा विचार चाललाय.

अनसूयेनं वाचायचा चष्मा केलाय. पोथी वाचायला म्हणे. चांगला दिसतो तिला. बोटाला काळं लागलं होतं, म्हटलं हे काय, तर म्हणाली तव्याचं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

काल लक्ष्मीपूजन, आज सकाळी सूर्यग्रहण. आळीतली माणसं काळी फिल्म मागायला दारात. मी टाकाऊ निगेटिव्ह वाटून टाकल्या आणि स्वतः काही बघायला गेलो नाही. मोकळ्या डोळ्यांनी बघू नका म्हणून सगळ्यांना दटावलं, तेवढीच डोळ्यांची सेवा.

दोन दिवस डोळ्याच्या कडेला चमक येतेय. बाहेर फटाकेच एवढे, की कुणालाही येईल. डार्करूममध्ये दार लावून बसलो तेव्हाही एकदा चमकलं. फटीतून भुईनळ्याचा उजेड येत असणार. फट बुजवायला हवी.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

सांगलीला गेलो नाही. डोळा सुधारतोय, मग कशाला? अनसूयेला आज कसं कोण जाणे सुचलं, "अपूर्वाकडे जाऊन येता का?" म्हणाली. मी म्हटलं, "काम किती पडलंय! आणि बघ जरा, हे सगळे फोटो. एक डाग दाखव." ती फोटोंकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, पण दूध उतू गेलं.

४ नोव्हेंबर, शनिवार

अनसूया सकाळीच वाईला गेली, बहिणीकडे बारसं आहे, उद्या येईल. एकट्यानं निवांत काम झालं. भाऊसोंचा फोटो आज द्यायचा होता.

माश्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. कपाळ, पदर, गाल, सगळीकडे काळे ठिपके. एकेक घेतला. डोळा फिरवायचा, हलला तर माझा, नाही हलला तर ब्लेड. असं करत करत पदरावरून वर आलो. हनुवटीवर तीन ठिपके मोठे हट्टी. आधी वाटलं माझेच, कारण माझेही तीनच आहेत. चार वेळा डोळा फिरवला. हलले नाहीत. तेव्हा खरवडले, आणि वर असा हात फिरवला की ब्लेडची रेघ भिंगातूनही दिसू नये. आकारामला दाखवलं. म्हणाला, "आयला, म्हातारी तरणी झाली की!"

पाकीट कुठं गेलं होतं कुणास ठाऊक, फोटो दुसऱ्या पाकिटात घालून ठेवला. संध्याकाळी भाऊसोंचा कुणी भावकीतला येऊन घेऊन गेला. मन तृप्त आहे. महिनाभरात इतकं स्वच्छ काम झालं नव्हतं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

कुठून सुरुवात करू?

सकाळी भाऊसो आले. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "फोटूवालं, ही बाई माझी आय न्हाई."

मी हसलो. खरंच हसलो मी. म्हटलं, "अहो, नीट बघा, जरा स्वच्छ केलाय."

"लय स्वच्छ केलासा," ते म्हणाले. "आवं, हनुवटीवरलं गोंदण कुठं हाय? मी तुमास्नी सांगितलं हुतं का न्हाई?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "समदं काढून घेत्यात, गोंदण तेवढं संगट येतं म्हनायची. तुमी त्ये बी काढून घेतलंसा."

मी ड्रॉवर उपसला. पाकीट सापडलं, माझ्याच अक्षरात. हनुवटी, तीन, त्रिकोणी. तरीही माझी जीभ आवरली नाही. म्हटलं, "माझा डोळा उत्तम आहे. महिनाभरात माझ्या एका फोटोत एक डाग राहिलेला नाही. अनसूया, सांग यांना!"

ती पडद्यामागून आली. फोटोकडे बघितलं आणि स्टूल ओढून बसली.

"ते मी भरत होते," ती म्हणाली.

"काय?"

"पांढरे ठिपके. तुम्ही दुपारी पडलात की मी भरत होते. अपूर्वानं दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं मला डोळ्याचं. तुम्हाला बोलले असते तर तुम्ही ओरडला असता, आणि मग स्टुडिओच बंद करून बसला असता. म्हटलं, काम नीट दिसलं की मन ठिकाणावर राहील. सव्वीस तारखेला जाल सांगलीला, मग बघू. पण तुम्ही मलाच फोटो दाखवून म्हणालात, एक डाग दाखव. माझेच भरलेले ठिपके. मी काय बोलू?" आणि भाऊसोंसमोर, परक्या माणसासमोर, ती रडायला लागली.

भाऊसोच उठले. "वैनी, रडू नगासा," म्हणाले. "मोठा फोटू नसला तर नसला. उद्याच्याला आमी त्यो बारकाच फोटू ठिवतो पाटावर." नखाएवढा फोटो मागून घेतला आणि गेले. पैशाचं नावसुद्धा काढलं नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार

बोलणं नाही. स्टुडिओ बंद. ताट वाढून ठेवते, मी जेवतो.

तिकडे आज वर्षश्राद्ध झालं असेल.

खरं सांगायचं तर राग तिचा नाही आला. ब्रश दोन, बोटाला शाई, नवा चष्मा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्रिफळाचे गोडवे गात होतो.

९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दाढी करताना उजव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, काळसर काहीतरी. डोळा फिरवला. हललं नाही. कागदही नव्हता समोर.

स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "अनसूया, पडदा आलाय. आणि दिवाळीपासून चमकतंय." तिनं गॅस बंद केला. "दिवाळीपासून," एवढंच म्हणाली. पायात चपला सरकवल्या, कणीक परातीत तशीच. स्टँडवर आलो तेव्हा सांगलीची गाडी लागलेलीच होती. मला खिडकीशी बसवून तिनं वाटभर माझं मनगट असं धरलं होतं, की गचका बसला तर तो तिच्या हाताला बसावा. मी भ्यालो होतो. चोपन्नाव्या वर्षी बायकोचा हात धरून भ्यालो होतो, लिहायला लाज वाटत नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार. सांगली

आता लिहायला परवानगी आहे, थोडं थोडं.

पडद्याला भोक होतं. घोड्याच्या नालाच्या आकाराचं, डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. त्यातून मागं पाणी शिरायला लागलं होतं, तीच सावली. "आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर लेसर पुरला नसता," म्हणाले, "मोठं ऑपरेशन, आणि नजर किती राहील ते सांगता आलं नसतं." अनसूयेनं विचारलं, "हे माझ्यामुळं झालं का?" डॉक्टरांना काही कळेना. मी म्हटलं, "नाही हो, हिच्यामुळं आलो."

हनुवटी टेकवायची, कपाळ पट्ट्याला लावायचं, डोळ्यावर एक जाड भिंग बसवतात. मग हिरवा उजेड. आयुष्यभर मी लोकांच्या तोंडावर फ्लॅश मारला, "डोळे मिटू नका" म्हणून दरडावलं, आता कळलं ते काय असतं. ठिणगीमागून ठिणगी, मधूनच एखादी आत खोल टोचून जाते. भोकाच्या कडेनं टाके घातल्यासारखे डाग देतात, ते डाग धरले की पडदा चिकटून राहतो. म्हणजे माझा डोळा वाचवला तो डाग पाडून.

सगळं झाल्यावर मी म्हटलं, "धागा दिसतोय अजून."

"राहणार," डॉक्टर म्हणाले. "मी सांगितलं होतं."

सांगितलं होतं. तरी मनात कुठंतरी आशा धरून होतो की एवढं यंत्र चालवलंच आहे तर एखादी ठिणगी चुकून त्यालाही लागेल. अपूर्वाच्या घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. लोंबतोय मेला, आधीपेक्षा दोन बारके जास्तच आहेत. डोळा वाचला याचा आनंद व्हायला पाहिजे, होतोही, पण रडूही आलं. दोन्ही एकदम.

अनसूया पाठीशी बसून म्हणाली, "काळे तुम्हाला दिसतात ना? पांढरे मी बघते."

२२ नोव्हेंबर, बुधवार. सातारा

कालच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, डाग धरलेत. सावली ओसरली. वजन उचलायचं नाही, बाकी काम करा.

भाऊसोंच्या आईच्या फोटोची निगेटिव्ह माझ्याकडे होतीच. नवा फोटो केला. पाकीट समोर ठेवलं, आणि या वेळी मी नुसता बसलो. ब्रश आणि ब्लेड अनसूयेच्या हातात. मी पाकिटावरचं वाचायचं, ती बघायची. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे कबूल करायला दोन तास लागले मला. मुलीला शिकवावं तसं शिकवायला गेलो तर म्हणाली, "सत्तावीस वर्षं कडा कापताना मी काय डोळे मिटून होते?"

हनुवटीवरचे तीन ठिपके फिके होते. ते जरा गडद करायला हवेत. तिनं ब्रश माझ्यापुढे धरला. "हे तुम्ही."

"हात चळला तर?"

"मी आहे की."

धागा बाजूला जाईपर्यंत थांबलो. डोळा वर नेला की तो वर जातो आणि खाली यायला क्षणभर उशीर लावतो, तेवढ्यात एक ठिपका बसवता येतो. तीन वेळा तसं केलं.

संध्याकाळी कोरेगावच्या गाडीनं जाऊन आम्ही दोघांनी फोटो नेऊन दिला. मी माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवत होतो. भाऊसोंनी फोटो घेतला, दारात उजेडाला धरला, आणि हनुवटीवर अंगठा ठेवून तसेच उभे राहिले. मग आत हाक मारली, "आगं, च्या ठेव. आय आली."

३० नोव्हेंबर, गुरुवार

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. अनसूयेला म्हटलं, खुर्चीवर बस. "आता कशाला, केस पिकले," म्हणाली, पण पदर नीट करून बसली. दोन दिवे लावले, एक बाजूनं. डोळे मिटू नका असं म्हणालो नाही. मिटले तर मिटू देत.

फोटो काल धुतला. धूळ बरीच उठली होती, माझ्याच्यानं सगळी दिसेना. तो वाळत ठेवून मी आकारामकडे जाऊन बसलो. तिच्या टेबलावर ब्रश, ब्लेड, शाई सगळं होतं, आणि समोर तिचा स्वतःचा चेहरा. शोकेसमधलीसारखी करून घेईल, असं मला वाटलं होतं. ब्रश तिच्या हातात होता, मी नको म्हणायला तिथं नव्हतो.

आज सकाळी फोटो खिडकीशी नेऊन बघितला. धुळीचा पांढरा ठिपका एक नाही. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्याजवळ मात्र बरंच काही होतं. सवयीनं डोळा फिरवला. माझं जे होतं ते सरकलं. देवीचे व्रण सगळे जागच्या जागी होते, तिनं एकालाही हात लावला नव्हता.

शोकेसमधला जुना फोटो काढला आणि हा लावला. काच पुसायला ती आली, बघितलं, आणि आज पहिल्यांदाच त्या बाईला काही बोलली नाही.